चाक काढल्यावर दाबलेला ब्रेक

२०२३ साल. मला अडुसष्ट पुरी होऊन एकोणसत्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंत, तीही निकाल न बघता सोडलेली. पण शिरूरच्या बाजारात माझं सायकलचं दुकान सत्तेचाळीस वर्षं चालू आहे आणि वाकडं फिरणारं चाक मी नुसतं नख लावून, तारा आवळून सरळ करतो, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून कुणी म्हणू नये की म्हाताऱ्याला काही येतच नव्हतं.

आमच्याकडं दर जानेवारीत शिरूर ते खुटबाव सायकलची शर्यत होते. तिच्यात मी पहिल्यापासून मेकॅनिक. आधी एकाच्या मोटारसायकलवर मागं तोंड करून बसायचो, दोन्ही खांद्यांत एकेक चाक अडकवून. आता पिकअप असते. हौद्यात लाकडी घोडी, तिला चाकं टांगलेली, मधे हत्यारांची पेटी आणि पेटीवर मी. फाळक्याला बाहेरून कडी. ती आतून निघत नाही. पूर्वी मी बाजूनं उडी टाकायचो, आता गुडघा ऐकत नाही, म्हणून ड्रायव्हर येऊन कडी काढतो तेव्हा मी उतरतो.

काम साधं. शर्यतीतल्या कुणाचा हात वर झाला की गाडी बाजूला घ्यायची, पंक्चर झालेलं चाक काढायचं, दुसरं घालायचं, पाठीला हात लावून ढकलून द्यायचं. शर्यत संपली की मेकॅनिकनं एक कागद भरायचा. कोण थांबलं, कशानं थांबलं. त्यात दोन रकाने. दोष सायकलीचा की मदतीचा. सायकल बिघडली तर ते ज्याचं त्याचं नशीब. पण मेकॅनिकच्या चुकीनं वेळ गेला तर तो खेळाडू ज्यांच्याबरोबर चालला होता, त्यांचीच वेळ त्याला द्यायची, असा कमिटीचा नियम. इतक्या वर्षांत त्या दुसऱ्या रकान्यात मी एकदाही खूण केली नव्हती. ती करायची वेळच आली नव्हती.

त्या वर्षी शर्यतीच्या आठ दिवस आधी मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणजे इथल्या हायस्कूलचे खेळाचे सर. भला माणूस. ते म्हणाले,

“आबा, यंदा निम्म्या सायकली डिस्क ब्रेकच्या येणारेत. पुण्यावरनं एखादा मेकॅनिक बोलवू का तुमच्या जोडीला?”

“का? मी मेलो का काय?”

“तसं न्हाई ओ. डिस्कचं तुम्हाला माहीत हाय का, एवढंच विचारलं.”

“सायकलीला चाकं अजून दोनच हायेत ना? मग माहीत हाय.”

सगळे हसले. मीही हसलो. पण आत कुठंतरी कडी पडल्याचा आवाज आला. कारण मला माहीत नव्हतं. जुन्या सायकलीचा ब्रेक म्हणजे दोन रबरं, ती चाकाच्या रिंगेला चावतात. या नव्याला चाकाच्या मधोमध ताटलीसारखी पातळ चकती असते आणि ती दोन पट्ट्यांच्या फटीत फिरते. एवढं बघितलं होतं. हात कधी लावला नव्हता. आता चारचौघांत माहीत हाय म्हणून बसलो, तर विचारायचं कुणाला?

बायपासला एक नवं सायकलचं दुकान आहे. काचेचा दरवाजा, आत एसी. मालक चाळिशीचा, माझ्याच दुकानात अकरा वर्षं बसून शिकला आणि एक दिवस न सांगता गेला. तेव्हापासून बोलणं बंद. मी मन घट्ट करून त्याच्याकडं गेलो.

“या आबा. काय पायजे?”

तोंडातून निघालं, “ट्यूबच्या व्हॉलचं टोपण दे एक.”

“तुमच्या दुकानातली टोपणं संपली व्हय?”

“संपली.”

टोपण घेऊन आलो. दोन दिवसांनी परत गेलो. तेव्हा त्यानं न विचारताच टोपण काढून ठेवलं. “आबा, शिरूरमधल्या सगळ्या ट्यूबा उघड्या पडल्यात वाटतं.” दुकानातली पोरं खिदळली. मी टोपण खिशात टाकलं आणि चालत घरी आलो. सुनेनं तिच्या फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. हिंदीत होता, बोलणारा माणूस पाठीमागं कुत्रं लागल्यासारखा बोलत होता. सून म्हणाली, “आबा, हळू करून लावू का?” मी म्हणालो, “कळलं. बंद कर.” काही कळलं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी बायकांना पुरुषांच्या आधी सोडलं आणि माझी गाडी बायकांच्या मागं लावली. मला ते कमीपणाचं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बायकांच्या शर्यतीला त्या वर्षी वजन होतं. पहिल्या नंबराच्या मागं दोन मिनिटांच्या आत जी येईल ती जिल्ह्याच्या निवडीला जाणार होती.

चाकं टांगत होतो तेव्हा एक पोरगी तिचं चाक घेऊन आली. चोवीसेक वर्षांची. कारेगावात खोली घेऊन राहणारी, कंपनीत लाईनवर काम करणारी. मूळची परभणीकडची.

“आबा, माझं जादा चाक तुमच्या गाडीत ठेवते. डिस्कचं आहे. दुसरं बसणार नाही माझ्या सायकलीला.”

“ठेव.”

“नीट लक्ष ठेवा हं माझ्यावर. पहिल्या वर्षी पडले, दुसऱ्या वर्षी सुट्टीच दिली नाही. निवडीला पंचविशीच्या आतल्याच घेतात, म्हणजे हे माझं शेवटचं. यंदा नाही झालं तर सुपरवायझर म्हणतोय, ती सायकल विक आणि स्कूटी घे.”

“स्कूटीला मेकॅनिक महाग पडतो,” मी म्हणालो. ती हसली आणि गेली.

न्हावऱ्यापर्यंत काही झालं नाही. थंडी होती, दोन्ही बाजूला कांदा, पुढं ऊस. कारखाने चालू होते, त्यामुळं रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. आमचा ड्रायव्हर केंदूरचा, घरी शेवंतीची शेती आणि तोंडाची गिरणी. मागच्या खिडकीतून अखंड बोलत होता. आंधळगाव मागं टाकलं तेव्हा तीन पोरी सुटून पुढं गेल्या होत्या आणि कारेगावची त्यांच्यात होती. तिचं चालवणं बघण्यासारखं होतं. खांदे हलत नव्हते, नुसते पाय. मी मनात म्हणालो, ही जाते निवडीला.

तेवढ्यात तिचा हात वर झाला.

ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, पळत येऊन कडी काढली. मी चाक घेऊन उतरलो. पुढचं चाक बसलं होतं, ट्रॉलीतून पडलेली तार घुसलेली. या सायकलीला नट नसतात, आरपार दांडी असते, ती किल्लीनं फिरवून काढायची. तेवढं मी सकाळी दुसऱ्या सायकलीवर बघून ठेवलं होतं. दांडी काढली, चाक काढलं. आणि मग माझ्या हातानं ते केलं.

माझा वस्ताद सांगायचा, चाक काढलं की आधी ब्रेक दाबून बघ. रबरं दोन्हीकडून सारखी येतात का, सारखी परत जातात का, तेव्हाच कळतं, चाक असताना कळत नाही. रबराच्या ब्रेकला ते बरोबरच आहे. सत्तेचाळीस वर्षांत मी किती चाकं काढली असतील आणि प्रत्येक वेळी हात आपोआप ब्रेकच्या दांडीवर गेला असेल. तसाच तो गेला. दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा. पोरगी तेव्हा पुढं बघत होती, त्या दोघी किती लांब जातात ते.

नवं चाक घालायला गेलो तर चकती फटीत जाईना. फटच नव्हती. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. मी चाक तिरकं केलं, उलटं केलं, तळहातानं ठोकलं.

“आबा, काय झालं?”

“थांब जरा.”

“आबा, त्या गेल्या ओ!”

ड्रायव्हर म्हणाला, “आबा, चाक लावताय का लगीन लावताय?”

मागचा घोळका आला आणि आम्हाला ओलांडून गेला. बायकांचे श्वास ऐकू आले. माझ्या हातात चाक होतं, हातात हत्यार होतं, समोर सायकल होती आणि मला काही करता येत नव्हतं. असं माझ्या जन्मात झालं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, “ब्रेक गेलाय तुझा. ही न्हाई चालायची.”

“गेला? सकाळी तर चांगला होता.”

“आता गेलाय. ही दुसरी घे.”

गाडीत कमिटीची एक जुनी जादा सायकल होती. सीट तिला उंच. खाली करायला वेळ गेला, बोल्ट गंजलेला, तरी पुरती खाली आली नाही. बसली आणि गेली. पायंडलला नुसती पायाची बोटं टेकवत, कंबर डावी-उजवी करत. ते मला हौद्यातून खुटबावपर्यंत बघावं लागलं, कारण गाडी तिच्याच मागं होती आणि मला तोंड फिरवायला चाकांच्या मधे जागा नव्हती. ती त्या दोघींच्या नऊ मिनिटं मागं आली.

खुटबावला मांडवाच्या बाजूला पुण्याहून आलेल्या एका खेळाडूची मोटार उभी होती. डिकीत तशीच सायकल, चाकं काढून ठेवलेली. ब्रेकच्या फटीत लाल प्लास्टिकचा एक तुकडा. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “हे कशाला?”

तो पोरगा नीट बोलला. “काका, चाक काढलेलं असताना चुकून कुणी ब्रेक दाबला तर पट्ट्या बंद होतात, मग चकती आत जात नाही. म्हणून हा तुकडा घालून ठेवायचा.”

“आन् झाल्या बंद तर?”

“काही नाही. चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हळूच उघडायच्या. अर्ध्या मिनिटाचं काम.”

माझ्या पेटीत चपटे स्क्रूड्रायव्हर सहा होते.

मी तिथून टेबलापाशी गेलो. सरांनी कागद पुढं केला. पोरगी बाजूलाच उभी होती, कपाळावरचं मीठ पुसत. सर म्हणाले,

“आबा, हिचं काय झालं? उद्या दुपारी यादी पाठवायचीय. दोष सायकलीचा का आपला?”

मला सांगता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण मांडवात कमिटीची सगळी माणसं होती, ज्यांच्यापुढं मी मेलो का म्हणून विचारलं होतं, ती. मी म्हणालो, “सायकलीचा.” पहिल्या रकान्यात खूण केली आणि खाली सही केली. माझी सही मोठी असते, अर्धी ओळ जाते.

आणि वर सत्कार. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल म्हणून माईकवर नाव पुकारलं, स्टेजवर चढवलं, शाल घातली, नारळ दिला. सर बोलले, “यांच्या हातून आजपर्यंत एकाही खेळाडूचं नुकसान झालं नाही.” टाळ्या पडल्या. ती पोरगीही वाजवत होती. मला पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत ते दिसेना. आता कसं सांगायचं? दहा मिनिटांपूर्वी सांगितलं असतं तर चूक होती. आता ती लबाडी झाली होती, शालीसकट.

परत येताना पुढं ड्रायव्हरजवळ कमिटीचे दोघे बसले. पोरीला शिरूरपर्यंत यायचं होतं, ती मागं हौद्यात माझ्याजवळ बसली. तिची सायकल आमच्या दोघांच्या मधे. कडी बाहेरून लागली.

पारगावच्या पुलाच्या अलीकडं गाडी थांबली. पुढं उसाची ट्रॉली कलंडली होती. पुढं वाहनं, मागं वाहनं, दोन्ही बाजूला पाण्याची चारी. तासभर जागचे हललो नाही. ड्रायव्हर उतरून तमाशा बघायला गेला. आम्ही आत.

तिनं पिशवीतून पेरू काढला, अर्धा मला दिला. मी नको म्हणालो. ती म्हणाली, “खा ओ आबा, सत्कारमूर्ती.” मग थोड्या वेळानं सायकलीच्या ब्रेककडं बोट करून म्हणाली,

“शनिवारी मीच ह्याचा स्क्रू जरा घट्ट केला होता. आवाज येत होता म्हणून. तुम्हाला काय वाटतं, त्यानंच गेला असेल?”

मी पेरू हातात धरून बसलो.

“मला नाद आहे हो, सारखं काहीतरी पिळत बसायचा. आई म्हणते, तुझा हात लागला की घड्याळ बंद पडतं.” ती हसली, पण ते हसणं पुरतं बाहेर आलं नाही. “सांगा ना आबा. मीच केलं असेल ना?”

मी म्हणालो, “असंल.”

तो एक शब्द. रकान्यात खूण केली ती तरी कागदावर होती. हा शब्द मी तिच्या तोंडावर बोललो, हातभर अंतरावरून, आणि तिनं मान हलवली. पुढं बघितलं तर केबिनची काच, मागं फाळका. गुडघा धड असता तर मी उडी टाकली असती आणि त्या चारीतून चालत सुटलो असतो. ते जमत नव्हतं. ट्रॉली उचलेपर्यंत ती सायकलीच्या त्या स्क्रूकडं बघत बसली आणि मी तिच्याकडं. शिरूरच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिनं माझ्या पाया पडून सायकल उतरवून घेतली. “येते आबा. ब्रेकचं बघते कुणाकडून तरी.” माझ्याकडून करून घेते, असं ती म्हणाली नाही. रागानं नव्हे, मला त्रास नको म्हणून.

घरी सुनेनं शाल घडी करून कपाटात ठेवली. नारळ देवापुढं. मी जेवलो नाही. तिला म्हणालो, खुटबावला पोटभर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सरांच्या घरी गेलो. ते शाळेला निघायच्या तयारीत होते, अर्ध्या दाढीला साबण.

“आबा? इतक्या सकाळी? बसा, चहा—”

“कालचा कागद कुठं हाय?”

“पिशवीत हाय. का?”

“त्या कारेगावच्या पोरीचा ब्रेक मी बंद केला. चाक काढल्यावर दाबला. मला डिस्कचं माहीत न्हाई. मीटिंगमधे खोटं बोललो, आन् काल टेबलावर परत बोललो.”

सर साबणाचा हात तसाच धरून उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “आबा, आता कुणाला कळलंय ते? कालच सत्कार झाला तुमचा. कागद बदलला तर कमिटीला वाचून दाखवावा लागंल. पुढच्या वर्षी गाडीवर तुम्हाला ठेवायचं का, हे पण निघंल.”

“निघू द्या.”

“विचार करा जरा.”

“तो करूनच आलोय. कागद काढा तुम्ही.”

त्यांनी तोंड धुतलं, पिशवी उघडली, कागद टेबलावर ठेवला. मी पहिल्या रकान्यातली खूण खोडली. दुसऱ्या रकान्यात केली. सर म्हणाले, काय घडलं ते बाजूला लिहावं लागेल. मी म्हणालो, मीच लिहितो. ‘चाक काढुन ब्रेक दाबला. चुक मेक्यानीकची.’ एवढं लिहायला मला बराच वेळ लागला. सरांनी मधे एकदाही पेन मागितलं नाही. खाली परत सही केली. त्यांनी तो नियम काढून एकदा वाचला, वेळा टिपलेली वही बघितली आणि यादीत त्या दोघींच्या खाली, त्यांचीच वेळ देऊन, तिचं नाव घातलं.

“आता तिला फोन लावा,” मी म्हणालो.

“मी सांगतो ना तिला. यादीत आलीस म्हणून.”

“यादीचं तुम्ही सांगा. आधी मला द्या.”

पलीकडं मशीनचा आवाज येत होता. ती शिफ्टला लागली होती. “हां सर, बोला,” ती मोठ्यानं म्हणाली.

“सर न्हाईत, मी आबा बोलतोय. मेकॅनिक. ब्रेक तू बिघडवला न्हाईस. तुझ्या स्क्रूनं काय झालं न्हाई. मी चाक काढून दाबला म्हणून झालं ते.”

मशीनचा आवाज कमी झाला, ती बाजूला गेली असावी. मग ती म्हणाली,

“मग काल गाडीत का नाही बोललात? मी विचारलं होतं तुम्हाला.”

“विचारलं होतंस.”

“तासभर बसलो होतो आपण.”

“व्हय,” मी म्हणालो. “न्हाई बोललो.”

मग यादीचं सांगायला मी फोन सरांच्या हातात दिला.